पंधरा पाऊणे सव्वाअकरा

"तुम्ही जाऊन या. आम्ही घर सांभाळतो."

सुटीत कुठे जायचं ठरलं की आमच्या घरात हे वाक्य हमखास येतं. तुमच्याकडेही येत असेल. बाबांचे गुडघे, अव्वाचं ब्लडप्रेशर, तुळशीला पाणी कोण घालणार, अशी कारणंही तयार असतात. (आम्ही भावंडं आईला अव्वाच म्हणतो. तिचं माहेर बैलहोंगलकडचं.) इतकी वर्षं आम्ही ते वाक्य खरं मानून निघत आलो. या थंडीत मात्र माझ्या पाच वर्षांच्या मुलाने तिला सरळ विचारलं, "अज्जी, तू समुद्र बघितलाईस काय?"

"फोटोत बघितलाय की," अव्वा म्हणाली.

वय त्र्याहत्तर, नंदगडहून समुद्र सकाळी निघून दुपारच्या जेवणाला पोहोचण्याइतका जवळ, आणि तो फोटोत! मला खरोखरच शरम वाटली.

तसा समुद्र आम्हा नंदगडकरांना परका नाही. एके काळी गोव्याकडून मीठ, नारळ, सुपारी घाट चढून आमच्या पेठेत येई आणि इकडचं धान्य खाली जाई. सुक्या मासळीचा वास तर आजही बाजारच्या दिवशी येतो. पण समुद्र आमच्याकडे येत राहिला, आम्ही त्याच्याकडे गेलो नाही. आमच्या तालुक्यातली मलप्रभाही अशीच. कणकुंबीला उगम पावते, तिथून अरबी समुद्र अगदी जवळ. पण ती त्याच्याकडे पाठ फिरवून पूर्वेला निघते आणि थेट कूडलसंगमला कृष्णेला मिळते.

ठरलं, कारवारला जायचं. रामनगर, जोयडा करत गाडी घाट उतरू लागली तशी धाकट्याला ओकारी झाली, थोरलीला झाली आणि शेवटी मलाही. बाबा तेवढे पुढच्या सीटवर ताठ बसून होते. मुक्कामाची खोली तळमजल्यावरची, कमोड असलेली अशी आधीच सांगून ठेवली होती. वडीलधारी मंडळी बरोबर असतील तर समुद्र किती दिसतो यापेक्षा पायऱ्या किती आहेत हे आधी विचारावं, हा या सहलीतला माझा पहिला धडा.

कारवारच्या मोठ्या किनाऱ्याला रवींद्रनाथ टागोरांचं नाव आहे. त्यांचे थोरले बंधू सत्येंद्रनाथ इथे जिल्हा न्यायाधीश होते. त्यांच्याकडे रवींद्रनाथ १८८३ मध्ये राहायला आले होते, वय अवघं बावीस. म्हणजे तेही घरच्या माणसांबरोबरच आले होते, असं मी प्राध्यापकी थाटात सांगत होतो. कोणी ऐकत नव्हतं. अव्वा वाळूच्या कडेला थांबली होती.

"यप्पा, एष्ट नीर ऐती!"

केवढं हे पाणी! उन्हाळ्यात दोन घागरींसाठी विहिरीवर रांग लावलेल्या माहेरची ती बाई. बराच वेळ काही बोलली नाही. मग चपला काढल्या, वाकून पाण्याला हात लावला, तो डोळ्यांना लावला आणि मगच पाऊल टाकलं. लाट परत फिरताना पायाखालची वाळू ओढून नेते आणि म्हाताऱ्या माणसाला चक्कर आल्यासारखं होतं. अव्वाने नातीचा हात घट्ट धरला. "तू नाही, मी तुला धरलंय," असं दोघी एकमेकींना बजावत होत्या.

आम्ही उतरलो होतो जवळच्याच एका लहान किनाऱ्यावर. संध्याकाळी पाच वाजता तिथे पाणी खूप आत गेलं होतं. ओली वाळू घट्ट असते, त्यामुळे बाबा काठीशिवाय चालले. किनाऱ्याच्या टोकाला खडक होते आणि त्यांच्या पायथ्याने पलीकडच्या छोट्या पुळणीवर जायची कोरडी वाट. तिथे शिंपल्यांचा खच पडलेला. अंधार पडत आला म्हणून मुलांना कसंबसं परत आणलं आणि कबूल केलं, उद्या सकाळी नाश्ता करून पुन्हा येऊ, दुपारपर्यंत खेळू.

बाबा तोवर जाळं दुरुस्त करत बसलेल्या एका म्हाताऱ्या कोळ्याजवळ टेकले होते. बाबांचं मराठी, त्याचं कोंकणी, अडलं तिथे दोघांचं कानडी. तासभर गप्पा चालल्या.

दुसऱ्या दिवशी साडेनऊला बादल्या, खोरी घेऊन आम्ही निघालो तर बाबा आडवे आले. "पलीकडे जायचं नाही. आज पौर्णिमा. पंधरा पाऊणे सव्वाअकरा."

मला काही कळेना. मुलं तर हसायलाच लागली. मग बाबांनी सांगितलं. तिथीला पाऊणने गुणायचं, जो आकडा येतो ती पूर्ण भरतीची वेळ. हिशेब ढोबळ, जागेप्रमाणे तासभर इकडेतिकडे होतं, पण चुकत नाही. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, म्हणजे पाणी जास्तच चढणार. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येते, म्हणून काल संध्याकाळी कोरडं दिसलं ते आज सकाळी कोरडं असेल असं धरून चालू नये. कोळ्याने नियम सांगितला आणि बाबांची पन्नासच्या दशकात मराठी शाळेत घोकलेली पाऊणकी एवढ्या वर्षांनी कामाला आली.

"मी बरोबर आहे ना," मी जरा चिडूनच म्हणालो. मुलांचे चेहरे पडले होते. बाबा हलले नाहीत. आम्ही मग अलीकडेच किल्ला बांधत बसलो. पावणेअकराला मान वर करून पाहिलं, तर खडकांच्या पायथ्याची वाट नव्हती. तिथे कमरेएवढं पाणी खडकावर आपटत होतं. पलीकडे असतो तर पाच वर्षांच्या पोराला खांद्यावर आणि नऊ वर्षांच्या पोरीला हाताला धरून मी काय केलं असतं?

याच आपल्या किनाऱ्यावर, मुरुडेश्वरला, डिसेंबर २०२४ मध्ये सहलीला आलेल्या कोलार जिल्ह्यातल्या चार विद्यार्थिनी बुडाल्या. समुद्र आपल्याला सुटीपुरता माहीत असतो. घोट्याएवढ्या पाण्याच्या पुढे जाण्याआधी तिथल्या माणसाला विचारावं. माझ्या खिशात मोबाइल होता, त्यात भरतीची वेळ सापडली असती. पण विचारावंसं मला वाटलं नव्हतं, बाबांना वाटलं.

आणि आम्ही समजत होतो की आम्ही त्यांना समुद्र दाखवायला नेलंय!

"आम्ही घर सांभाळतो" याचा अर्थ यायचं नाही असा नसतो, वाचकहो. "आमचं ओझं नको" असा असतो. दुसऱ्यांदा आग्रह करा. तिसऱ्यांदाही करा. गुडघे पुढच्या वर्षी आजच्याहून बरे होणार नाहीत.

आता थोरली पाऊणकी पाठ करते आहे. परवा पुन्हा बेत निघाला तेव्हा मीच मुद्दाम विचारलं, "मग घर कोण सांभाळणार?"

अव्वा पिशवीत घड्या घालत होती. मान वर न करता म्हणाली, "कुलूप सांभाळतंय की."