निकालाचा दिवस आणि यंत्राचा विवेक

१६ जुलै २०२१ रोजी दुपारी १ वाजता दहावीचा निकाल जाहीर झाला. कोरोनामुळे परीक्षा रद्द झाली होती. गुण अंतर्गत मूल्यमापनाचे होते. रत्नागिरीस मुख्यालय असलेल्या कोकण विभागाचा निकाल तर १०० टक्के लागला. परंतु निकालाची संकेतस्थळे ऐन वेळी कोलमडली आणि राज्यातील १५ लाखांहून अधिक विद्यार्थ्यांपैकी पुष्कळांना आपले गुण पाहण्यासाठी कित्येक तास तिष्ठावे लागले.

अशा दुखण्यावर ‘क्लाउड’ हा रामबाण उपाय सांगितला जातो. दूरच्या केंद्रातील सर्व्हर गरजेपुरते भाड्याने घ्यावयाचे. सॉफ्टवेअरनेच गर्दी ओळखून ते वाढवावयाचे आणि गर्दी ओसरताच परत करावयाचे. स्वतःला सावरणाऱ्या अशा यंत्रणेचा विचार आयबीएमने २००१ मध्ये मांडला. केफार्ट व चेस यांनी २००३ मध्ये तिचे चार टप्पे सांगितले: निरीक्षण, विश्लेषण, नियोजन आणि अंमलबजावणी.

विचार उत्तम, पण तेवढ्याने भागेल काय? नवा सर्व्हर कामाला लागेपर्यंत बहुधा काही मिनिटे जातात. निकालाची गर्दी मात्र क्षणात उसळते. शिवाय कचेरीची दारे दहा केली आणि आत दप्तर काढून देणारा कारकून एकच राहिला, तर रांग दारातून आत सरकते, इतकेच. येथे माहितीचा मूळ साठा हाच तो एकटा कारकून होय.

तेव्हा काय वाढवावयाचे याइतकेच काय आवरावयाचे, हेही रचनाकाराने आधी ठरविले पाहिजे. वारा चढला की शिडाच्या गलबतावरील तांडेल शीड कमी करी. त्याच न्यायाने पहिल्या तासात केवळ गुण दाखवावेत. आकडेवारी व इतर सोयी मागाहून. निकालाची वेळ तर आधीच ठाऊक असते. मग गुणपत्रके अगोदर तयार करून अनेक ठिकाणी ठेवण्यास आणि सर्व्हर आदल्या दिवशीच सज्ज करण्यास हरकत कोणती?

त्यातूनही गर्दी झालीच, तर प्रत्येकाला रांगेतील क्रमांक मिळावा. रांग नसली की वेगवान जोडणीवरून वारंवार धडका देणाऱ्याचे फावते आणि मंडणगड-राजापूरच्या खेड्यात जेमतेम रेंज मिळविणारा मुलगा मागे पडतो. रांग यंत्र सांभाळील. पण ती असावी, हा निर्णय माणसानेच घ्यावयाचा आहे.