गोळ्या वाटल्या; गिळल्या काय?

हत्तीरोगाच्या उच्चाटनासाठी राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २००२ साली २०१५ ची मुदत घातली होती. ती उलटली; आता २०२७ चा वायदा आहे. गडचिरोली-चंद्रपूरच्या खेड्यांत औषध पोहोचते. पडताळणी पोहोचत नाही. वाटलेली गोळी कोनाड्यात पडून राहिली, तरी अहवालात ती सेवनातच जमा होऊ शकते. एकूण लोकसंख्येच्या किमान ६५ टक्के लोकांनी प्रत्यक्ष औषध घ्यावे, हा जागतिक आरोग्य संघटनेचा दंडक आहे. म्हणून गोळी कर्मचाऱ्यादेखतच गिळली जावी आणि तिची खातरजमा त्रयस्थ पथकाने करावी. या रोगाच्या सूक्ष्म अळ्या रक्तात प्रामुख्याने रात्री सापडतात. तेव्हा रक्ततपासणीही रात्रीच, दुर्गम वस्त्यांत जाऊन व्हावयास हवी. हत्तीरोग कचेरीतील आकड्यांना होत नाही. तो चिखलात राबणाऱ्या पायांना होतो.