आडनावाचा माग मृत्युपत्रांत

इंग्लंडात आपल्या घराण्याचा शोध घेणारे लोक आधी चर्चची दप्तरे चाळतात. तिथे बाप्तिस्मा, लग्न, दफन यांच्या कोरड्या नोंदी मिळतात. कुणाचे कुणाशी काय नाते होते, हे कळते ते जुन्या मृत्युपत्रांतून. १८५८ पर्यंत ती चर्चच्याच न्यायालयांत मंजूर होत. कारकून कानाला पडेल तसे आडनाव लिही, त्यामुळे एकाच घराण्याची दहा रूपे आढळतात. खुद्द शेक्सपिअरच्या सह्यांतले स्पेलिंगही एकसारखे नाही!

त्याचेच घराणे घ्या. त्याच्या सासऱ्याने १५८१ च्या मृत्युपत्रात मुलगी ‘ॲग्नेस’ हिला लग्नात द्यायची रक्कम लिहून ठेवली. पुढच्याच वर्षी शेक्सपिअरशी लग्न झाले ते ॲनचे. ही दोन्ही नावे एकीचीच, हे अभ्यासकांना उमगले ते या कागदामुळे.

शेक्सपिअरचे स्वतःचे मृत्युपत्र मार्च १६१६ चे. बायकोला ‘दुसऱ्या प्रतीचा’ पलंग दिल्याची चर्चा फार होते. त्याहून बोलके आहे ते पुढचे. एकुलता मुलगा हॅम्नेट १५९६ मध्ये अकराव्या वर्षी गेलेला, तिन्ही भाऊही वारलेले. म्हणून थोरल्या सुझॅनाला इस्टेट देताना तिच्या पहिल्या मुलाला, मग दुसऱ्याला, असे थेट सातव्यापर्यंत लिहिले आहे. सुझॅनाला झाली एकच मुलगी, एलिझाबेथ. धाकट्या ज्यूडिथने आपल्या पहिल्या मुलाचे नावच ‘शेक्सपिअर’ ठेवले. माहेरचे आडनाव टिकवण्याची बिचारीची धडपड! ते मूल सहा महिन्यांचे होऊन गेले. तिचे पुढचे दोन मुलगेही १६३९ साली वारले.

बहीण जोन हार्ट हिला शेक्सपिअरने आपले कपडे दिले आणि वर्षाला बारा पेन्स भाड्याने हयातभर राहायला घर. तिच्या तीन मुलांना पाच-पाच पौंड. पण एका भाच्याच्या नावाची जागा कोरीच आहे. मामाला नाव आठवले नाही की लिहिणाऱ्याने ऐकले नाही, कोण जाणे. त्याचे नाव टॉमस.

१६७० मध्ये एलिझाबेथ वारली आणि शेक्सपिअरचा थेट वंश संपला. स्ट्रॅटफर्डचे जन्मघर तिने मृत्युपत्राने हार्ट घराण्यातल्या दोघा भावांना दिले. ते त्या कोऱ्या जागेच्या टॉमसचेच मुलगे. १८०६ पर्यंत घर हार्टांकडे होते.