‘दिवाळी होऊन जाऊ दे’

घटस्फोटाचा अर्ज न्यायालयात केव्हा दाखल करावा, या प्रश्नाला महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांत एक ठरलेले उत्तर आहे : ‘दिवाळी होऊन जाऊ दे.’ दिवाळी सरते तो तुळशीचे लग्न येते आणि लग्नसराई सुरू होते. धाकट्या बहिणीचे जमायचे असते. मग सवाष्णींची संक्रांत, मुलांच्या परीक्षा, गुढीपाडवा. पंचांगात लग्नाचे मुहूर्त निदान मोजके तरी असतात. घटस्फोटाला मुहूर्तच नसतो.

यामागील भावना सर्वस्वी खोटी आहे, असे म्हणता येणार नाही. मुलांना एक दिवाळी तरी तंट्यावाचून मिळावी, असे एखाद्या आईला वाटले तर तो तिचा अधिकार आहे. प्रश्न असा आहे की, थांबण्याचा हा निर्णय घेतो कोण, आणि त्याची किंमत कोण मोजतो? निर्णय घेतात वडील, भाऊ, मामा आणि गावातील चार प्रतिष्ठित. किंमत मोजते ती स्त्री. भाऊबीजेला लेक एकटी आली तर शेजारी काय म्हणतील, ही चिंता घराच्या अब्रूची असते. लेकीच्या पोटाची नसते.

पोटाचा हिशेब कायदा तारखेने करतो. पोटगी अर्जाच्या दिवसापासून द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली रजनेश विरुद्ध नेहा या खटल्यात स्पष्ट केले आहे. म्हणजे भाद्रपदात करावयाचा अर्ज मार्गशीर्षात केला, तर मधल्या तीन महिन्यांची पोटगी सणाच्या नावाने सोडून दिल्यासारखे होते. ज्याने पोसायचे तो मात्र तेवढ्या काळापुरता मोकळा राहतो.

दुसरा धोका याहून सूक्ष्म आहे. ‘सणापुरती तरी नांदायला जा’ म्हणून मुलीची पाठवणी होते. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २३ प्रमाणे, क्रूरतेच्या कारणावर घटस्फोट मागणाऱ्याने ती क्रूरता माफ केलेली नसावी लागते. आणि परित्यागाचे कारण सांगायचे तर तो सलग दोन वर्षांचा असावा लागतो. चार दिवसांच्या मुक्कामाने सारे माफ झाले असे न्यायालय मानीलच असे नाही. पण पाडव्याला तिने केलेले औक्षण उलटतपासणीत तिच्याच विरुद्ध पुढे केले जाऊ शकते, हे पाठवणी करणाऱ्यांच्या ध्यानीही नसते.

शिवाय अर्ज म्हणजे निकाल नव्हे. परस्परसंमतीच्या घटस्फोटासाठी आधी एक वर्ष वेगळे राहावे लागते आणि अर्जानंतर सहा महिन्यांचा अवधी असतो. हा अवधी अटळ नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली ठरविले. तरी विचार बदलला तर अर्ज मागे घेण्याची वाट कायद्यानेच ठेवली आहे. पुनर्विचाराला कायदा वेळ देतो. त्यासाठी अर्जच लांबविण्याचे कारण नाही.

आणि घटस्फोटासाठी थांबायचेच असेल, तरी संरक्षणासाठी थांबण्याची मुळीच गरज नाही. कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा, २००५ प्रमाणे राहत्या घरातील निवारा, संरक्षण आणि खर्च मागता येतो. पहिली सुनावणी सर्वसाधारणपणे तीन दिवसांत व्हावी, असे तो कायदा सांगतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली पोटगीचा स्वतंत्र अर्ज करता येतो. यांपैकी कशालाही आधी घटस्फोट लागत नाही. जिथे मारहाण आहे, तिथे सणाची सबब सांगणे हा निव्वळ अपराध होय. दिव्यांच्या रोषणाईत काळेनिळे वळ दिसेनासे होत नाहीत.

‘होऊन जाऊ दे’ची परिणती काय होते, ते २०११ च्या जनगणनेत दिसते. देशात घटस्फोटित म्हणून सुमारे साडेतेरा लाख व्यक्तींची नोंद झाली. विभक्त म्हणून सुमारे पस्तीस लाखांची. या दुसऱ्या आकड्यात मोठा भरणा स्त्रियांचा आहे. ना नांदणाऱ्या, ना मोकळ्या. आपल्याकडे त्यांना ‘टाकलेल्या’ म्हणतात. एका दिवाळीपुरते थांबलेले प्रकरण पाहता पाहता दहा दिवाळ्यांचे होते.

चळवळीतल्या कार्यकर्त्यांचे काम येथे सुरू होते. अशा घरांत बैठकीला बोलावले जाते, तेव्हा समेट घडविणारा मध्यस्थ म्हणून मिरविण्याचा मोह आवरला पाहिजे. आधी त्या स्त्रीशी, इतर कोणी समोर नसताना, बोलले पाहिजे. थांबल्याने काय जाते, ते तिला तारखांनिशी सांगितले पाहिजे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे कोणत्याही स्त्रीला, उत्पन्नाची अट न लावता, मोफत वकील मिळू शकतो. तालुक्याच्या विधी सेवा समितीपर्यंत तिच्याबरोबर चालत गेले पाहिजे. दिवाळीच्या सुट्टीसाठी न्यायालये बंद होण्यापूर्वी कागद तयार ठेवले पाहिजेत.

एवढे झाल्यावर ती म्हणाली, ‘दिवाळीनंतर करू,’ तर ते मान्य करावे. तो तिचा निर्णय असेल. आज मात्र तेच शब्द तिच्या वतीने दुसरेच कोणी उच्चारीत असतात.