जगाचा राजा, कागदावर गडी

बॉब मार्लीच्या ‘उत्कर्षा’ची एक गोष्ट प्रस्थापितांना फार गोड लागते. किंग्स्टनच्या ट्रेंचटाऊन वस्तीतलं गुणी पोरगं, आयलंड कंपनीच्या ख्रिस ब्लॅकवेल या गोऱ्या मालकाची पारखी नजर, की झाला जगाचा राजा! दोस्तहो, थुंकून टाका ही गोष्ट. तिच्यात मालक देणारा आणि गाणारा घेणारा. हिशोब नेमका उलटा आहे.

१९६२ साली वेल्डिंग शिकणाऱ्या या सतरा वर्षांच्या पोराची पहिली तबकडी लेस्ली काँगने काढली. मग पीटर टॉश, बनी लिव्हिंगस्टन यांच्याबरोबर ‘वेलर्स’ झाले आणि कॉक्सन डॉडच्या स्टुडिओ वनकडे गेले. १९६४ला ‘सिमर डाऊन’ जमैकात पहिल्या नंबरावर. आणि गाणारे? हप्त्याला मोजके पौंड. बॉब झोपायला स्टुडिओमागच्या खोलीत. च्यायला, नंबर एकचा गाणारा आणि डोक्यावरचं छप्पर मालकाचं! पण पोरं गप्प बसली नाहीत. १९६६ला बॉब अमेरिकेत, डेलावेअरला जाऊन राबला. साठवलेल्या पैशातून त्यांनी स्वतःचं लेबल काढलं. फार टिकलं नाही. पण काढलं! चरित्रकार त्याला दोन ओळी देतात, ब्लॅकवेलच्या चार हजार पौंडांना अख्खं प्रकरण.

ते चार हजार १९७२चे. ब्लॅकवेल चोर होता असं मी म्हणत नाही. तेवढा भरवसाही आधी कुणी टाकला नव्हता. पण ‘कॅच अ फायर’च्या टेप लंडनला गेल्या, आणि रॉक ऐकणाऱ्या गोऱ्या कानांना रुचावं म्हणून बॉबसमोरच अलाबामाच्या वेन पर्किन्सची गिटार वरून चढवली गेली. १९७४पर्यंत टॉश आणि बनी बाहेर. तिघांच्या नावातून एकाचंच मोठ्या अक्षरात. तुम्ही याला उत्कर्ष म्हणा, आम्ही फूट म्हणतो.

१९८०च्या एप्रिलमध्ये झिंबाब्वेच्या स्वातंत्र्यसोहळ्यात हा माणूस पदरच्या खर्चाने गायला. पुढच्याच वर्षी, छत्तिसाव्या वर्षी गेला. १९८४ला कंपनीने ‘लेजंड’ काढला. त्यात ‘झिंबाब्वे’ नाही, ‘वॉर’ नाही. गोव्याच्या शॅकमध्ये बिअरबरोबर चालतो तो हा निवडून-पाखडून ठेवलेला बॉब.

२०१०मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टाने निकाल दिला: १९७३ ते १९७७ मधल्या त्याच्या पाच अल्बमांची मालकी युनिव्हर्सल कंपनीची. का? तर कायद्याच्या भाषेत ते कंपनीने करून घेतलेलं काम. कोर्टात गेलेली बायकापोरं मालकीचा दावा हरली.