माळढोक गेला, आता ज्वारीही जाईल

माळढोकावर जीव लावणाऱ्या मंडळींना,


मागच्या बैठकीत तुमच्यापैकी एकजण म्हणाला, शेतकऱ्यांच्या हव्यासानं माळढोक संपवला. मी मागच्या रांगेत बसलो होतो. ते बोलणं अजून काळजात सलतंय, म्हणून सगळ्यांसमोर लिहितो.

१९७९ साली सोलापूर आणि अहमदनगर जिल्ह्यांतलं ८,४९६ चौरस किलोमीटर क्षेत्र माळढोक अभयारण्य म्हणून जाहीर झालं. त्यात आमची शेतं होती, अख्खी गावं होती. आम्हाला कुणी विचारलं नाही. जमिनीची खरेदी-विक्री, रस्ता, सगळं परवानगीत अडकलं. घरातलं कार्य निघालं तरी रान मोकळं होईना. २०१२ साली हे क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आलं, तोवर माझ्या वडिलांची पिढी झिजून गेली होती. तरी आमच्या वस्तीवरच्या कुणी या पक्ष्याचं वाईट चिंतलं नाही. मादी एका वेळी बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. अंडं दिसलं की आमची पोरं शेळ्या दुसरीकडं वळवायची.

माळढोक काही अभयारण्याच्या हद्दीतच जगत नव्हता. तो आमच्या रानात यायचा, नाकतोडे-भुंगेरे टिपायचा, हरभऱ्यात चरायचा. कोरडवाहू ज्वारी, करडई, हरभरा आणि मधला गवताळ माळ, हेच त्याचं घर. आमची मालदांडी ज्वारी आमच्याच जिल्ह्यातल्या मोहोळच्या संशोधन केंद्रातून आलेली. पाऊस सरल्यावर काळ्या रानाच्या ओलीवर ती येते, पाणी मागत नाही. माणसाला भाकरी, जनावराला कडबा. तुम्ही शाश्वत शेती शिकवायला आलात तेव्हा या पिकाबद्दल एकानंही विचारलं नाही, याचं फार वाईट वाटलं.

उघड्या माळावर गिरिपुष्पाची झाडं लावली गेली, ती काही आम्ही लावली नाहीत. मोकळ्या गवताच्या पाखराला झाडी कशाला हवी, हे गावातल्या कुठल्याही मेंढपाळानं सांगितलं असतं.

पुढं उजनी धरणाचं पाणी आलं, ऊस आला. उसाला एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला किमान भाव, द्यायला कारखाना कायद्यानं बांधलेला आहे. ज्वारीचा हमीभाव जाहीर होतो, पण आडतीवर त्या भावानं घ्यायला कुणीच बांधलेलं नाही. काढणीला माणूस मिळत नाही. काळवीट रातोरात कोवळं पीक खाऊन जातात आणि भरपाईचे कागद फिरत राहतात. २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष होतं. भाषणं आम्हीही ऐकली. माझ्या ज्वारीचा भाव त्या वर्षीही व्यापाऱ्यानंच ठरवला.

बैठकांत आमच्या सह्या घेतल्या, फोटो काढले, लोकसहभाग झाला म्हणालात. त्या फोटोतल्या माणसांनी पुढं काय पेरलं, हे बघायला कुणी परत आलं नाही.

आता माझं मागणं ऐका. माळाला लागून जो कोरडवाहू पीक घेतो, त्याची ज्वारी ठरल्या भावानं घ्यायची सोय करा. नुकसानीचा पंचनामा आठवड्यात व्हावा म्हणून आमच्याबरोबर कचेरीत उभे राहा. माळावर काय करायचं, ते ग्रामसभेत बसून ठरवा.

रब्बीची पेरणी सप्टेंबर-ऑक्टोबरात होते. त्याआधी उत्तर द्या. शेजारच्यानं पाइपलाइन खोदायला घेतलीय आणि माझा मुलगाही ऊसच लावू म्हणतोय. त्याला थांबवायला माझ्याकडं आज काही नाही.

आपला,
नान्नज परिसरातला एक ज्वारीवाला