फास्टॅगमधली चिप रोज 'चिठ्ठी' काढते. ती ओळखता आली तर तुमचे पैसे जातील का?

बीड जिल्ह्यातल्या मांजरसुंब्याहून राष्ट्रीय महामार्ग 52 ने छत्रपती संभाजीनगरकडे निघालं की बीडच्या पुढे पाडळसिंगीचा टोलनाका लागतो, सोलापूरकडे निघालं की पारगावचा. फेब्रुवारी 2021 मध्ये देशभर फास्टॅग सक्तीचा झाला. तेव्हापासून नाक्यावर गाडी आली की काचेवरचं स्टिकर वाचलं जातं आणि पैसे कापल्याचा मेसेज येतो. पण हे स्टिकर सुरक्षित आहे का? उत्तर शोधायचं तर आधी त्यातली छोटीशी चिप काय करते ते पाहावं लागेल.

चिठ्ठी कशासाठी?

फास्टॅगला बॅटरी नसते. नाक्यावरचा रीडर रेडिओ लहरी सोडतो, त्यातूनच चिपला वीज मिळते आणि ती उत्तर देते. पण रीडरसमोर एकाच वेळी तीन-चार गाड्या असतील आणि सगळे टॅग एकदम बोलले, तर कुणाचंच नीट ऐकू येणार नाही. म्हणून प्रत्येक टॅग चिठ्ठी टाकल्यासारखा आपला नंबर ठरवतो. नंबर आला की तो 16 बिटांचा एक रँडम आकडा पाठवतो. रीडरने तोच आकडा परत म्हणून दाखवला की मग टॅग आपली खरी ओळख सांगतो. असे आकडे एकूण 65,536 असू शकतात.

या आकड्याचं दुसरं काम जास्त नाजूक आहे. टॅगमधली माहिती बदलायची तर पासवर्ड लागतो. रीडर तो उघडा पाठवत नाही. टॅगने दिलेल्या रँडम आकड्यात मिसळून, झाकून पाठवतो. रीडरचा आवाज मोठा, त्यामुळे तो लांबूनही पकडता येतो. टॅगचं उत्तर क्षीण, ते जवळच ऐकू येतं. सगळी सुरक्षा या फरकावर उभी आहे. पण टॅग कोणता आकडा काढणार हे आधीच ओळखता आलं, तर त्याचं उत्तर ऐकायची गरजच उरत नाही. लांब बसूनही पासवर्ड उघडा पाडता येतो.

स्वस्ताईची किंमत

खरा रँडम आकडा काढायला चिपमध्ये जागा आणि वीज लागते. स्वस्त चिपमध्ये दोन्हीची टंचाई. त्यामुळे या टॅगच्या आंतरराष्ट्रीय मानकाने नियम थोडा सैल ठेवला आहे. आधीचे आकडे माहीत असले तरी पुढचा आकडा ओळखण्याची शक्यता 0.025 टक्क्यांहून जास्त नसावी, एवढीच अट आहे. म्हणजे 10 हजार प्रयत्नांत सरासरी अडीच वेळा अंदाज बरोबर आला तरी चालेल. आकडा पूर्णपणे रँडम असता, तर ही शक्यता याच्या साधारण सोळाव्या हिश्शाइतकी असती.

आकडा कच्चा निघाला तर काय होतं, हे जगाने पाहिलं आहे. 'मायफेअर क्लासिक' नावाच्या चिपची कार्डं लंडनच्या 'ऑयस्टर' आणि नेदरलँड्सच्या प्रवासी कार्डात वापरली जात होती. डिसेंबर 2007 मध्ये कार्स्टन नोल आणि हेन्रिक प्लोट्झ यांनी बर्लिनमधल्या परिषदेत दाखवलं, की या चिपचा 'रँडम' आकडा तिला वीज मिळून किती वेळ झाला यावर ठरतो. वेळ साधली की तोच आकडा पुन्हा काढून घेता येतो. 2008 मध्ये नेदरलँड्सच्या रॅडबाउड विद्यापीठातल्या संशोधकांनी या कार्डाची सुरक्षा मोडून दाखवली. कंपनी शोधनिबंध थांबवण्यासाठी कोर्टात गेली, पण कोर्टाने नकार दिला.

मग फास्टॅगचं काय?

इथे एक मोठा फरक आहे. त्या प्रवासी कार्डांत शिल्लक रक्कम कार्डावरच लिहिलेली असायची. फास्टॅगमध्ये पैसे नसतात, फक्त ओळख असते. ती वाचायला पासवर्डही लागत नाही, कारण नाक्यावर ती झटपट वाचली जायला हवी. पैसे बँकेत असतात आणि व्यवहार एनपीसीआयच्या यंत्रणेतून होतो. म्हणूनच जून 2022 मध्ये काच पुसणाऱ्या मुलाने हातातल्या घड्याळाने फास्टॅग स्कॅन करून पैसे चोरल्याचा जो व्हिडिओ फिरला, तो खोटा होता. फास्टॅगचे पैसे फक्त नोंदणीकृत टोलचालक किंवा पार्किंगचालकाकडेच जातात, कुणा व्यक्तीच्या खात्यात नाही.

म्हणजे चिपचं कुलूप लहान असलं तरी तिजोरी दुसरीकडे आहे. मात्र त्यामुळे सगळा भार त्या दुसऱ्या टोकावर येतो. गाडी दारात उभी असताना टोल कापला गेला, तर ती तिथे नव्हती हे टॅग सांगू शकत नाही. ते कॅमेऱ्यातली नंबर प्लेट आणि तक्रारीची व्यवस्थाच सांगू शकते. अशा चुकीच्या कपातीसाठी टोलचालकाला 1 लाख रुपये किंवा त्याहून जास्त दंड होतो आणि 1033 वर तक्रार करता येते.

आता नाक्यावरचा अडथळा काढून टाकायची तयारी सुरू आहे. गुजरातमधल्या चोर्यासी नाक्यासाठी ऑगस्ट 2025 मध्ये तसा करार झाला. तिथे बूथवर वाद घालायला माणूस नसेल, फक्त टॅग आणि कॅमेरा असेल. उद्या हीच पद्धत पाडळसिंगीला आली, तर मांजरसुंब्याच्या गाडीवाल्याचा भरवसा चिपच्या चिठ्ठीपेक्षा कॅमेऱ्याच्या फोटोवर आणि तक्रारीला मिळणाऱ्या उत्तरावर जास्त असेल.

आणि जिथे मागे बँक नाही, कॅमेरा नाही, फक्त कार्ड टेकवलं की दार उघडतं, तिथे चिपमधल्या आकड्याचा कच्चेपणा थेट महागात पडू शकतो. ऑफिस किंवा हॉस्टेलचं कार्ड घेताना चिप कोणती आहे, हा प्रश्न विचारायला हरकत नाही.